उन्हासाठी रंगवलेला अंतरपाट

चंद्रभागाबाई, माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं घ्यायला बसलो तर पहिलं नाव तुझं येतं. मास्तरांचं येतं, माय-बाबांचं येतं, पण ते तुझ्यानंतर. आपल्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मी बी.ए. होऊन आलो, हे तुझ्यामुळे झालं. तू माझी थोरली बहीण, त्यामुळे हे मी तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "बरं बरं. आता ते बादली उचल."

परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या सासरी, जाम गावी, भाऊजींच्या दुकानामागच्या अंगणात पंगती बसल्या. जो जेवून उठला तो हात धुता धुता तुझी एखादी गोष्ट सांगत होता आणि ऐकणारे हसत होते. भाऊजीही हसत होते, आणि मधूनच उपरण्याचं टोक डोळ्यांना लावत होते. एका म्हातारीने सांगितलं, तिच्या नातवाच्या झबल्यावर तू इतका जिवंत भुंगा काढलास की ते झबलं झटकून झटकून तिचे हात दुखले. ही गोष्ट तिने थोडी वाढवली असावी. पण तो भुंगा मी पाहिला होता. म्हातारीचा फार दोष नाही.

पंगती उठल्यावर बाबांनी मला बंडीपाशी बोलावलं. म्हणाले, "ते आता सांगून टाक तिले."

"कोनाले?"

"चंद्रभागेले."

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "तुले लिवता येते ना?" ते म्हणाले, "मंग लिव."

म्हणून लिहितो आहे. सांगायचं आहे ते तुझ्या लग्नातल्या अंतरपाटाबद्दल. तो तू स्वतः रंगवला होतास आणि मी तो उलटा धरला, असं तुझं म्हणणं होतं. लग्नापासून तू ते सगळ्यांना सांगत आलीस आणि मी ऐकत आलो. माझं म्हणणं मी कधी मांडलं नाही. आता मांडणार आहे. पण आपली बरीच भांडणं अर्धी राहिली आहेत, तेव्हा आधी थोडं भांडून घेतो.

तू सासरहून कायमची परत आलीस तेव्हा मी लहान होतो. तुझे पहिले यजमान तापाने गेले होते. माय म्हणायची, "पोरीची हळद उतरली नाई अजून." तू मुक्याने काम करायचीस. मग एकदा बाबा कापूस घेऊन आपल्या वडनेरहून हिंगणघाटला निघाले, तेव्हा तू बंडीत बसलीस, तिथल्या एका मास्तरीणबाईंकडे तुरीची डाळ पोचवायला. डाळ देऊन लगेच यायचं होतं. बाबांनी कापूस विकला, बैलांना पाणी दाखवलं, बंडी जुंपून ते त्यांच्या दारात उभे राहिले, तरी तू बाहेर येईनास. आत त्या बाई ब्लाउजच्या बाहीवर कमळ रंगवत होत्या आणि तू त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होतीस. परतीच्या वाटेवर तू बोललीस, "बाबा, थे बाई कपड्यावर फूल काहाडते, अन् धुतलं तरी जात नाई." बाबा सांगतात, त्या दिवशी कापूस कसा गेला ते त्यांना आठवत नाही. तू कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली होतीस, तेवढं आठवतं.

मास्तरीणबाईंनी तुला जे शिकवलं ते मला अजून पाठ आहे, कारण तू ते मला येता-जाता ऐकवायचीस. नळीतला तेलरंग सरळ कपड्याला लावायचा नाही. लावला तर तेल पसरतं आणि फुलाभोवती डाग धरतो. रंग आधी टिपकागदावर पिळायचा, तेल कागदाला पिऊ द्यायचं, मग उरलेला घट्ट रंग टर्पेंटाइनमध्ये सैल करायचा आणि कमी कमी लावायचा. माझ्या वहीतले टिपकागद जातात कुठे, हे शाळेत कुणाला कळलं नाही. कपडा ताणायला चौकट नव्हती, म्हणून तू बाजेची सुतळी सोडलीस आणि तिच्या लाकडांना कपडा टाचून टाकलास. बाबा वावरातून आले, पाठ टेकायला गेले, तर बाजेवर कुणाच्या तरी साडीचा पदर.

"आता मी झोपू कुठी?"

"खाली झोपा ना बाबा. वाळेपर्यंतच."

"कवा वाळन?"

"तीन-चार रोज."

माय चुलीपासून म्हणाली, "अन् हा मोटारीचा वास कायचा सुटला घरात?" तो टर्पेंटाइनचा होता. पुढे आम्ही त्याला चंद्रभागेचा वास म्हणू लागलो. नागपूरला कुठे नवं दार रंगवत असले की मी अजून क्षणभर थांबतो आणि मला भूक लागते.

हळूहळू गावात लग्न ठरलं की मुलीची आई साडी घेऊन आपल्या दारात येऊ लागली. पोळा जवळ आला की बैलांच्या झुली यायच्या. एका झुलीवर तू बैलाचंच चित्र काढलंस, निळं. मी नुकताच वरच्या वर्गात गेलो होतो आणि मला सगळं कळत होतं.

"बाई, बैल निळा नसते."

"माह्याजवळ निळाच उरला होता."

"मंग बैल काहाडाचा नाई."

"बैलाची झूल हाय. तिच्यावर का मांजर काहाडू?"

मी म्हणायचो, चित्र खऱ्यासारखं पाहिजे. तू म्हणायचीस, खरा बैल झुलीखाली उभा आहे, ज्याला खरा पाहायचा त्याने तो पाहावा. याचं उत्तर मला कॉलेजातही सापडलं नाही. शोध अजून चालू आहे, एवढं तुला कळवतो.

आणि तो नकाशा. भूगोलात मी कच्चा, म्हणून तू बाबांच्या जुन्या धोतरावर माझ्या पुस्तकातला हिंदुस्थानचा नकाशा मोठा करून रंगवलास. ते धोतर भिंतीवर टांगून मी नद्या पाठ केल्या. फक्त आपली वर्धा तू गंगेइतकी जाड काढली होतीस.

"इतकी मोठी नाई ते."

"तू गंगा पाह्यली का?"

"नाई."

"मी बी नाई पाह्यली. वर्धा पाह्यली. आता सांग."

परीक्षेत माझ्या हातून वर्धा जाडच निघाली. तपासणाऱ्यांनी पेपरावर लिहिलं, विद्यार्थी आपल्या जिल्ह्याचा अभिमानी दिसतो. मी ते तुला वाचून दाखवलं. तुला वाटलं बक्षीस मिळालं आहे, आणि मीही तसंच वाटू दिलं.

चौथीनंतर बाबा मला वावरात घेणार होते. त्यात त्यांचं चुकत नव्हतं, घरात हात कमी होते. तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, एखांदा शिकवून पाहू ना. शिकल्यावर मानूस कसा दिसते ते तरी पाहू." त्यानंतर माझ्या वाटचा कापूस तू वेचलास, माझ्या वाटची गुरं तू पाहिलीस, आणि उरलेल्या उजेडात रंग लावलेस. मी हिंगणघाटला शाळेत राहिलो, मग नागपूरला. कॉलेजातून पहिल्यांदा सुटीवर आलो तेव्हा तू मला अंगणात उभं केलंस, माझ्याभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "तसाच दिसते."

नागपूरहून मी तुझे रंग आणायचो. तू ते नळीवरच्या नावाने कधी मागवले नाहीस. तुरीच्या फुलाचा पिवळा, जवसाच्या फुलाचा निळा, भुईमुगाच्या पानाचा हिरवा. सीताबर्डीच्या दुकानदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भैया, ये रंग की दुकान है, बीज-भंडार नहीं." पुढे मात्र मी दिसलो की तोच आतल्या माणसाला हाक मारायचा, "जवसवाले आ गये, निळा निकालो."

भाऊजींची आणि तुझी ओळख मला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांना ती ठाऊक असावी. वामनराव जामच्या फाट्यावर सायकली दुरुस्त करत. त्यांची पहिली बायको वारली होती. त्यांना दुकानासाठी कापडी पाटी हवी होती. अक्षरं त्यांनी खडूने फरशीवर लिहून दिली आणि तू ती चित्रासारखी उतरवलीस, कारण तुला वाचता येत नव्हतं. सायकल मात्र तू मनाने काढलीस आणि साखळी डाव्या अंगाला गेली. सायकलवाल्याच्याच पाटीवर साखळी चुकलेली, म्हणजे फाट्यावर मोटारीची वाट पाहणाऱ्यांची हसायची चांगलीच सोय झाली. वामनरावांनी पाटी टांगली आणि चकार शब्द काढला नाही. पुढे मी ती पाहिली आणि तुला सांगितलं. तू तशीच मला घेऊन जामला गेलीस.

"काऊन नाई सांगितलं तुमी?"

"काय सांगाचं?"

"साखळी उलटी हाय."

"चालते ना."

"चालन कशी? उलटी हाय म्हनते ना मी."

"पाटीवरची सायकल हाय बाई. कोनाले बसाचं हाय तिच्यावर?"

तू वडनेरपर्यंत हसत आलीस. तुझ्या निळ्या बैलाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी तुला पहिल्यांदा भेटलं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तू पाटीला हसते आहेस.

त्यानंतर वामनरावांचा निरोप आला. बाबा खूष झाले, माय खूष झाली. आपल्यात विधवा बाईचं दुसरं लग्न होतं. त्याला पाट लावणं म्हणतात आणि त्याला कुणाची ना नसते. पण पाट दिवस मावळल्यावर लावायचा, घराच्या मागल्या अंगाला. बाजा नाही, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. आणि पाटाच्या नवरीचं तोंड सवाष्णींनी दुसऱ्या सकाळपर्यंत पाहायचं नाही, नाहीतर त्यांच्या कुंकवाला धोका. लग्न होतं, पण झाकून.

तू म्हणालीस, "मी दिवसा उभी राहीन. अंतरपाट धरून. नाई तं नाईच."

"पाट रातचाच असते," बाबा म्हणाले.

"काऊन?"

"असते."

समुद्रपूरहून मामा समजूत घालायला आले. "पोरी, रातचं झालं काय अन् दिवसाचं झालं काय, नवरा तोच राह्यते."

"मंग दिवसाचंच करा ना मामा, तोच राह्यते तं."

मामांनी पान मागितलं.

मी सुटीत घरी होतो. बाबांसमोर उभा राहून मी समता, न्याय, नवा काळ असं बरंच बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बैलाईले पानी पाजलं का?" वामनरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिले जसं वाटन तसं. रात म्हनन तं रात, दिवस म्हनन तं दिवस."

बाबांची भीती उगाच नव्हती. आपल्या दारात साड्या घेऊन येणाऱ्या त्या सगळ्या सवाष्णी होत्या. दिवसाढवळ्या पाट लावला आणि त्या बिथरल्या, तर मुलीच्या लग्नाची साडी तुझ्या हाती कोण देणार? तुझं लग्न होईल आणि तुझे रंग जातील, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी मायला सांगितलं, मायने मला. तुला कुणीच सांगितलं नाही. मला वाटतं तुला ठाऊक होतं.

तू वाद घालणं सोडलंस आणि बाज रिकामी केलीस. पांढरं मांजरपाट ताणलंस आणि कुणाला न विचारता अंतरपाट रंगवायला घेतलास. कुंकवाचं स्वस्तिक मधोमध होतंच, पण भोवती तुरीची फुलं, जवसाची फुलं, ज्वारीच्या कणसांवर राघू, खाली एक बंडी. बंडीचे बैल निळे होते. यावेळी तुझ्याजवळ पांढराही भरपूर शिल्लक होता, हे मी लक्षात ठेवलं आहे. आणि एका कोपऱ्यात सायकल. यावेळी तू जामला जाऊन खरी सायकल पाहून आली होतीस.

बाबा त्या बाजेजवळून दिवसातून कितीतरी वेळा जात आणि पाहत नसत. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "झालं?"

"झालं."

"मंग रातच्यालाच धरू अंतरपाट. तुह्या मनासारखं बी झालं, लोकाईच्या मनासारखं बी झालं."

तू ब्रश धुत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "रातचं दिसत नाई तो."

"कंदील राह्यते ना."

"कंदिलात पिवळा दिसत नाई बाबा. निळा काळा होते. मी हे उन्हासाठी रंगवलं."

बाबा गाडीवान माणूस. कुणी सांगितलं म्हणून ते ओझंसुद्धा मानत नसत, स्वतः उचलून पाहत. त्यांनी कंदील पेटवला, काच पुसली आणि बाजेसमोर धरला. तुरीची फुलं गेली. नुसतं पांढरं कापड राहिलं. त्यांनी वात वाढवली, मग कमी केली, मग कंदील जवळ नेला, मग लांब. बैल काळे झाले होते. राघू कुठले आणि पानं कुठली ते कळत नव्हतं.

"पिवळा होता ना इथी?"

"हाय अजून. सकाळी दिसन."

माय म्हणाली, "जेवाले या." ते आले नाहीत. मग कंदील खाली ठेवून म्हणाले, "मंग दिवसाच करा लागन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जातीतल्या मोठ्या माणसांना बोलावून तेच सांगितलं. समता नाही, न्याय नाही. "रातचं केलं तं रंग वाया जाते." एक म्हातारे म्हणाले, "नथ्थुजी, पाटाची वेळ चांदण्यापासून पंचांगापर्यंत सारं पाहून ठरवलेली पाह्यली. रंग पाहून ठरवलेली आजच पाह्यली." सगळे हसले. आणि हसल्यावर नाही म्हणणं जरा अवघड जातं.

लग्नाला माणसं आली. बायका आल्या, पण कुंपणापाशी उभ्या राहिल्या, नवरदेवाच्या पाठीमागे लांबवर. तिथून तुझं तोंड दिसू नये, अशा बेताने. अंतरपाट धरायचा मामांचा मान. मामांच्या त्या दिवशी अचानक कंबरेत उसण भरली. म्हणून एक टोक मी घेतलं, एक बाबांनी. तू आदल्या दिवशी मला बजावलं होतंस, "चित्र लोकाईकडं. माह्याकडं मागची बाजू. समजलं?" मी तसाच उभा राहिलो.

आता ते सांगतो.

तू मान खाली घालून होतीस. मंगलाष्टक सुरू व्हायला क्षणभर होता. बाबा मला हळूच म्हणाले, "तू इकडं ये." मी त्यांच्या जागी गेलो आणि ते माझ्या. आपापली टोकं आम्ही सोडली नव्हती. कापड फिरलं आणि चित्राचं तोंड तुझ्याकडे झालं. मी म्हणालो, "बाबा, उलटं झालं." ते म्हणाले, "पोट्टीनं आजवर सारं दुसऱ्याईले दाखवाले काहाडलं. हे तिले पाहू दे."

बाई, मी उलटा धरला नव्हता. बाबांनी फिरवला होता.

तू वर पाहिलंस आणि डोळे वटारलेस, माझ्याकडे. बाबांकडून अशी चूक होईल हे तुझ्या मनातही आलं नाही. आणि मग दुसरी गोष्ट झाली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकांना कापडाची पाठ दिसत होती, नुसते झिरपलेले डाग. इतके दिवस ज्याची गावभर चर्चा, ते चित्र तर पाहायचं आहे. आधी शेजारच्या गोपिकाकाकू निघाल्या, मांडवाला वळसा घालून तुझ्या बाजूला आल्या. कुणीतरी म्हणालं, "काकू, नवरीचं तोंड पाहू नोका." त्या म्हणाल्या, "मी नवरीले कायले पाहू? मी राघू पाह्याले आली." त्यांच्यामागे दुसऱ्या आल्या, मग सगळ्याच. अंतरपाट दूर झाला तेव्हा गावातल्या सवाष्णी तुझ्या पाठीशी उभ्या होत्या आणि अक्षता टाकत होत्या. हे बाबांना आधीच सुचलं होतं का? मी त्यांना विचारलं आहे. ते बैलांबद्दल बोलू लागतात.

पुढच्या हंगामात साड्या आल्या. आधीपेक्षा जास्त आल्या, तू जामला होतीस तरी आल्या.

आणि तू ज्याला त्याला सांगत राहिलीस, "भाऊ माहा बी.ए. झाला, पन कपड्याचं उलटं-सुलटं समजत नाई त्याले." जामच्या फाट्यावर मोटारीतून उतरलो की अनोळखी माणूसही विचारायचा, अंतरपाटवाले का तुम्ही? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी चिडून बाबांना म्हणालो होतो, मी सांगून टाकतो. ते म्हणाले, "मी केलं म्हनून समजलं तं रडन. तू केलं म्हनून हासते. हासू दे."

म्हणून मी गप्प बसलो. आता बाबांनीच मोकळीक दिली आहे. तू हे ऐकून रडली असतीस की नाही, यावर आम्हा दोघांत परवा थोडा वाद झाला. माझं म्हणणं, तू आधी हसली असतीस आणि मग बाबांशी भांडायला बंडीपर्यंत गेली असतीस. तोही वाद अर्धाच राहणार.

तुझ्या लग्नानंतर वसतिगृहावर परतलो आणि तुला पत्र धाडलं होतं. भाऊजींनी तेरवीच्या दिवशी ते मला वाचायला दिलं. ते तुला त्यांनीच वाचून दाखवलं होतं. त्यात मी बाबांचा शब्द पाळला आहे, बाकी सगळं खरं आहे. जसंच्या तसं उतरवतो.

"ती. सौ. बाईस, कृतानेक साष्टांग नमस्कार. तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिताना शाई जरा जास्तच लागली, तेव्हा डाग पडला आहे त्याला हसू नये. मी सुखरूप पोचलो. मोटार जामच्या पुढे बंद पडली होती, पण ते असो.

भाऊजी, हे पत्र मोठ्याने वाचा आणि मधे थांबू नका, कारण पुढे तुमच्याबद्दल आहे.

बाई, अंतरपाट धरणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. तुला एकच दिसत होती, म्हणून दुसरी मी सांगतो. तिकडे भाऊजी मागून झिरपलेल्या रंगात तुझी सायकल शोधत होते. ती सापडल्यावर साखळी पाहू लागले. तू यावेळी ती बरोबर काढलीस, पण पाठीमागून पाहिलं की उजव्याचं डावं होतं. त्यांना वाटलं, पुन्हा चुकली. मी पाहत होतो, आता काय करतात. त्यांनी मान खाली घातली आणि हसू दाबलं. मंगलाष्टक संपलं तरी त्यांच्या हातातल्या अक्षता हातातच होत्या.

तुझा राग मला ठाऊक आहे. चित्र लोकांकडे हवं होतं आणि ते तुझ्याकडे झालं. माझ्या हातून झालं, कबूल. पण माझ्या जागेवरून तुझंही तोंड दिसत होतं. आधी तू माझ्यावर डोळे वटारलेस. मग राघूंकडे पाहिलंस. मग फुलांकडे. उन्हात तो पिवळा असा पेटला होता की त्याचा उजेड तुझ्या गालावर पडला होता, आणि तू कुणाच्या तरी हातचं काम पाहावं तशी पाहत होतीस. जवसाचा निळा चांगला उतरला असं तुलाही वाटलं असावं, कारण तू स्वतःशीच मान हलवलीस. मी इतकी वर्षं तुला रंगवताना पाहिलं, पण रंगवलेलं निवांत पाहताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा तू काहीही म्हण. पुन्हा धरायची वेळ आली, तर मी असाच धरीन.

तुझा धाकटा भाऊ."